मस्तकात जाणारी कळ

(पुण्यात सदाशिव पेठेतील ज्येष्ठ नागरिकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रहो, अंगठ्याला ठेच लागली की मस्तकात कळ जाते, असे आपण म्हणतो. चेतासंस्थेविषयी बोलायला सुरुवात करताना मला याहून नेमके वाक्य सापडत नाही. पुढच्या वेळी ठेच लागली तर एका गोष्टीकडे लक्ष द्या: उंबरठ्यावर पाय आपटला हे आपल्याला तत्क्षणी समजते, ठणकणारी कळ मात्र किंचित मागाहून येते. स्पर्शाची वार्ता नेणारे जाड तंतू सेकंदाला पन्नासेक मीटर वेगाने काम करतात, तर रेंगाळणारी, जळजळणारी वेदना ज्या बारीक तंतूंतून जाते त्यांचा वेग सेकंदाला जेमतेम 1 मीटर असतो.

आपल्या बोलण्यात ‘नस’ हा शब्द रक्तवाहिनीलाही चालतो, स्नायूत गोळा आला तरी ‘नस चढली’ म्हणतात आणि मणक्यापाशी ‘नस दबली’ हेही आपण नेहमी ऐकतो. यांपैकी आज आपला विषय आहे तो शेवटच्या नसेचा, म्हणजे चेतातंतूंच्या जुडग्याचा. मेरुरज्जूपासून अशा चेतांच्या 31 जोड्या निघतात आणि थेट मेंदूशी जोडलेल्या 12 जोड्या वेगळ्या असतात.

अंगठ्यातला स्पर्श ज्या पेशीला कळतो ती पेशी अंगठ्यात नसते. तिचा गाभा कमरेच्या मणक्यांजवळच्या लहानशा गाठीत असतो, तिथून तिची एक शाखा पायाच्या टोकापर्यंत येते आणि दुसरी मेरुरज्जूतून वर चढत मेंदूच्या तळाला पोचते. गाभ्याचा व्यास मिलिमीटरचा विसावा भाग धरला आणि तो लिंबाएवढा मोठा करून शनिवारवाड्यापाशी ठेवला, तर त्याच प्रमाणात अंगठ्याकडे जाणारी शाखा मंडईपर्यंत पोचेल, आणि तिची जाडी बोटाहूनही कमी असेल. दर वर्षी विद्यार्थ्यांना हे सांगताना मी स्वतः क्षणभर थांबतो, कारण एवढा विस्तार एकाच जिवंत पेशीचा आहे.

या तंतूला विजेची तार म्हणणे मला पटत नाही. तारेत विजेचा जोर अंतराबरोबर घटतो, तंतूत तसे होत नाही. विश्रांतीच्या अवस्थेत तंतूच्या आतल्या बाजूला बाहेरच्या तुलनेत सुमारे 70 मिलिव्होल्ट ऋण विद्युतदाब असतो. संदेश येताच आवरणातल्या सूक्ष्म वाटा उघडून सोडियमचे आयन आत शिरतात आणि त्या धक्क्याने शेजारच्या वाटा उघडतात, त्यामुळे संदेश पुढच्या प्रत्येक टप्प्यावर नव्याने, तेवढ्याच जोराने निर्माण होतो. जाड तंतूंवर मायलिन नावाचे स्निग्ध वेष्टन असते, आणि त्यात ठरावीक अंतरावर असलेल्या फटींतूनच हा खेळ होत असल्याने त्यांचा वेग वाढतो.

पण इतक्या लांब पेशीला पोसायचे कसे? तंतूला लागणारी बहुतेक प्रथिने गाभ्यातच बनतात आणि तिथून टोकाकडे वाहून न्यावी लागतात. वेगवान वाहतूक दिवसाला सुमारे 400 मिलिमीटर, म्हणजे अंगठ्यापर्यंत अडीच दिवस. तंतूच्या सांगाड्याचे काही घटक मात्र दिवसाला मिलिमीटरभर सरकतात, आणि त्यांना तेवढ्याच अंतराला पावणेतीन वर्षे लागू शकतात. मधुमेहात वाढलेली साखर तंतूंना आणि त्यांना रक्त पुरवणाऱ्या सूक्ष्म वाहिन्यांना वर्षानुवर्षे इजा करते, तेव्हा सर्वांत लांबचे टोक सर्वांत आधी खचते. मग तळपायांना मुंग्या येतात, गादीवर चालल्यासारखे वाटते, आणि पुढे पायातली चप्पल निसटून मागे राहिली तरी पत्ता लागत नाही. वैशाखात देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा घालून घरी आलेल्या माणसाला तळपायाचे फोड मोज्याला लागलेला ओला डाग पाहून कळतात, ही गोष्ट मी एकदा नव्हे, अनेकदा पाहिली आहे, आणि दर वेळी मन कळवळले आहे. दुखणे ही केवढी राखण आहे, ते अशा पायाकडे पाहून समजते.

माझ्या हातातला हा नायलॉनचा तंतू बरोबर 10 ग्रॅम दाबाला वाकतो. माणसाला डोळे मिटायला सांगून तो वाकेपर्यंत तळव्यावर टेकवायचा आणि ‘लागले की सांगा’ एवढेच म्हणायचे. या तपासणीला दोन मिनिटेही लागत नाहीत, आणि मधुमेह असलेल्या प्रत्येकाची ती वर्षातून एकदा तरी व्हायलाच हवी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. बधिरपणा चढत चढत गुडघ्याच्या आसपास आला की बहुधा हाताच्या बोटांची टोकेही बधिर होऊ लागतात. हात आणि पाय यांचा तसा संबंध काय, असे लोक विचारतात. मणक्यापासून बोटांच्या टोकांपर्यंत जाणारे तंतू लांबीला साधारण गुडघ्यापर्यंत जाणाऱ्या तंतूंइतकेच भरतात.