नथ कुणी चोरली?

नमस्कार श्रोतेहो. सुट्टीत घरी माणसं जमली की एक रात्र रहस्यभोजनाला, म्हणजे जेवता जेवता चोर शोधायच्या खेळाला, राखून ठेवाच. विषय साधा घ्या: जुना वाडा आणि चोरीला गेलेली नथ. आदल्या दिवशी प्रत्येकाच्या हातात चिठ्ठी द्या. कुणी दिवाणजी, कुणी माहेरवाशीण, कुणी कीर्तनकार. पण चोर आधी ठरवा. पुन्हा सांगते, चोर आधी, जेवणाचा बेत नंतर. आणि एका वाढपाला एकच पुरावा.

आमच्याकडे मसालेभाताबरोबर मी एक पांढरा रुमाल मध्ये ठेवला. चोरीला जाण्याआधी नथ त्यातच गुंडाळलेली होती. रुमालावर हळदीचा ओला डाग आणि त्यावर लालभडक बोटाचा ठसा. "कुंकू!" सगळे एकदम ओरडले. झालं, संशय माहेरवाशिणीवर, म्हणजे माझ्या नणंदेवर. तिनं कपाळ पुढे केलं, "ही टिकली आहे, कुंकू नाही!" दिवाणजी झालेल्या दिरांनी तिची अशी उलटतपासणी मांडली की भात निवून गेला. मठ्ठा आला. मठ्ठ्यात आलं हवंच बरं का, आल्याशिवाय ते नुसतं ताक. तर मठ्ठा संपला तरी चोर सापडेना.

शेवटी सासऱ्यांनी पानडबा उघडला. विडा घरीच लावावा, टपरीवरून बांधून आणलेल्या पानाला ती चव नाही. चुन्याचं बोट त्यांनी सवयीनं ताटाच्या कडेला पुसलं. तिथं भाताची हळद लागली होती. बघता बघता ती कड लाल झाली. शेजारी बसलेल्या माझ्या पुतणीनं ताट बघितलं, रुमाल बघितला आणि हळूच म्हणाली, "आजोबा, तुम्हीच!"

एकच गलका झाला. सासरे इतके खूश, की पकडले गेल्यावर स्वतःच टाळ्या वाजवायला लागले. नथ पानडब्याच्या खालच्या कप्प्यात निघाली.

हळदीला चुना लागला की ती लाल होते, कुंकू पूर्वी असंच करायचे. वर लिंबू पिळलं की पुन्हा पिवळी. मुलांना तेही करून दाखवा. रुमाल मात्र ओलसरच ठेवा, ओलसरच, कोरड्या डागावर रंग नीट चढत नाही. नथ खोटी घ्या, पुण्यात असाल तर तुळशीबागेत हवी तशी मिळेल. आणि चोराची चिठ्ठी घरातल्या अशा माणसाला द्या, ज्याला जेवण होईपर्यंत हसू दाबता येईल.