थेंबातला अंधार

मंडळी, आत येताना तुम्हाला एकेक कागद दिला होता. पानावर पाण्याचा एक थेंब काढा, उजेड वरून डावीकडून येतोय, एवढंच सांगितलं होतं. कागद चाळले मी. जवळजवळ सगळ्यांनी उजेडाकडची बाजू उजळ ठेवलीय आणि पलीकडची काळी केलीय. गोळे सुरेख झालेत, पण ते शाडूचे. पाण्याचा एकही नाही.

शाडू उजेड अडवतो. पाणी तो आत घेतं आणि वाकवतं. डावीकडून आलेला उजेड थेंबात शिरतो आणि उजवीकडे खाली, पलीकडच्या कडेशी गोळा होतो. म्हणजे थेंबाच्या आत सगळं उलटं: उजेडाकडची बाजू काळपट, लांबची उजळ. त्या काळपट भागावरच एक बारीक, धारदार पांढरा ठिपका दिसतो, तो वरच्या पृष्ठभागावरून परतलेल्या उजेडाचा. सावली बाहेर पानावर पडते, उजवीकडेच. पण तिच्या पोटात उजेडाचा एक तुकडा असतो. त्याला आपल्याकडे नेमका शब्द आहे, कवडसा. थेंबानं गोळा केलेला उजेड तिथं सांडलेला असतो. मी तपासलेल्या बहुतेक कामांत नेमका हाच राहून गेलेला असतो.

आता पडद्यावर बघा. हाच थेंब आता फोटोशॉप या चित्रसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये काढू. पानाचा फोटो उघडलाय. वर नवा लेयर, म्हणजे पारदर्शक थर, घेऊन कडक ब्रशनं थेंबाचा आकार भरतो. कंपासनं काढल्यासारखा गोल नको, कड जरा वेडीवाकडी हवी. ब्लेंडिंग ऑप्शन्स, म्हणजे लेयर कसा दिसावा ते ठरवण्याची खिडकी, तिच्यात दोन सरकपट्ट्या असतात, ओपॅसिटी आणि फिल. ओपॅसिटी कमी केली की सगळंच फिकं होतं. फिल शून्यावर नेलं तर भरलेला रंग जातो आणि लेयरला लावलेले सावलीसारखे परिणाम तेवढे शिल्लक राहतात. आपल्याला तेच हवंय. आता इनर शॅडो, म्हणजे आतली सावली, आणि ड्रॉप शॅडो, म्हणजे बाहेर पडणारी सावली, लावा. उजेडाचा कोन 120 अंश. बघा, काळं कुठं आलं? वर डावीकडे, आतल्या कडेला. ड्रॉप शॅडो मात्र त्याच कोनानं खाली उजवीकडे गेली. नेमकी थेंबाचीच रचना झाली. खालच्या उजव्या आतल्या कडेला, वेगळ्या लेयरवर, मऊ पांढरा ब्रश फिरवा. त्या लेयरचा मोड, म्हणजे खालच्या रंगात मिसळायची पद्धत, ओव्हरले. पांढरा ठिपका सगळ्यांत वर, साध्या मोडमध्ये. कवडशासाठी ड्रॉप शॅडो वेगळ्या लेयरवर काढून घ्यावी लागते, मग तिच्यावर ब्रश चालवता येतो. आणि कवडसा पांढरा नसतो हो, तो पानाचाच हिरवा, उजळलेला.

एवढं जमलं की पुढची चूक होते. 'थेंबात दृश्य उलटं दिसतं' हे कुठंतरी वाचलेलं असतं, म्हणून पानाचा तुकडा उलटा करून थेंबात बसवतात. थांबा. पान थेंबाला चिकटलेलं आहे. इतक्या जवळच्या वस्तूसाठी थेंब म्हणजे भिंग, शिरा मोठ्या दिसतील, पण सुलट्याच. पानाच्या लेयरची प्रत काढा, थेंबाच्या आकारात क्लिप करा, म्हणजे ती तेवढ्यापुरतीच दिसेल, आणि चित्र गोळ्यासारखं फुगवणाऱ्या स्फेराइझ फिल्टरनं थोडी फुगवा. उलटं दिसतं ते खिडकीच्या काचेवरच्या थेंबात, कारण तिथं मागचं दृश्य लांब असतं. त्या थेंबात आभाळ खाली आणि रस्ता वर. तिथं प्रत 180 अंशांत फिरवून लहान करायची.

'थोडी फुगवा' म्हणालो, कारण आकारालाही मर्यादा आहे. दोन-तीन मिलिमीटरपर्यंतचा थेंब घुमटासारखा राहतो, पृष्ठताण त्याला आवळून धरतो. त्याहून मोठा झाला की वजनानं बसतो, मधोमध सपाट होतो. सपाट भागातून शिरा जशाच्या तशा दिसतात, वाकतं ते फक्त कडेला. रुपयाएवढा थेंब गोटीसारखा फुगवलेला दिसला की डोळ्याला खटकतं.

उभ्या बाटलीवर आणखी वेगळं. तिथं थेंब खालच्या अंगाला जड होतो, ओघळतो, आणि वाटेतले बारीक थेंब पुसत एक स्वच्छ पट्टा मागे सोडतो. स्टुडिओतले लोक पाण्यात ग्लिसरीन मिसळून फवारतात ते याचसाठी, थेंब जागेवर राहावेत म्हणून.

अळूचं पान ही मात्र वेगळीच गंमत. अळवावरचं पाणी क्षणभंगुर, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण ते रुप्यासारखं का चमकतं? पानावर मेणाचे सूक्ष्म उंचवटे असतात, थेंब त्यांच्या टोकांवर उभा राहतो आणि खाली हवा अडकते. पाण्यातून त्या हवेकडे साधारण 49 अंशांपेक्षा जास्त तिरका गेलेला उजेड बाहेर पडतच नाही, पूर्ण परततो. थेंबाच्या बुडाशी आरसा तयार होतो! तिथं आत्ताची कृती चालणार नाही. पान दिसायलाच नको, रुपेरी चमक दिसायला हवी.

कोरियाचे चित्रकार किम चांग-योल 1970च्या दशकाच्या सुरुवातीपासून जवळपास पन्नास वर्षं थेंबच रंगवत राहिले. 2021 मध्ये ते गेले. त्यांच्या चित्राजवळ गेलं की थेंब नाहीसा होतो. उरते थोडी सावली, थोडा पांढरा रंग आणि उघडा कॅनव्हास. फिल शून्यावर नेलं तेव्हा आपण तेच केलं, फक्त त्यांच्याकडे पट्टी नव्हती.

मागून चिठ्ठी आलीय: 'थेंबांचे तयार ब्रश वापरावेत का?' वापरा की. पण दहा थेंबांत ठिपका हुबेहूब त्याच जागी, त्याच मापाचा असला की शिक्के मारल्यासारखं दिसतं. आणि खिडकीची चौकट उमटलेला ठिपका शेतातल्या दवावर नको. तिथं खिडकी आली कुठून?

त्या टेबलावर अळूचं पान ठेवलंय, शेजारी ड्रॉपर आणि एक विजेरी. चहाच्या आधी पाच-पाच जणांनी या. विजेरी तिरपी धरा आणि आधी कवडसा शोधा.