दाराखालची हळद

(दृश्य : सांगली, गावभाग. जुन्या घराचं माजघर. बंद दाराखालच्या फटीतून एक पंजा बाहेर येतो, फरशी चाचपतो, परत आत जातो.)

हा पंजा नीट बघा. मूळचा पांढरा आहे. बोटांच्या बेचक्यात अजून पिवळं दिसतंय, आठ दिवस चाटूनही गेलेलं नाही. पंजाची मालकीण चार महिन्यांची आहे आणि तिचं माहेर मार्केट यार्डात, हळदीच्या गोदामात. उंदीर पोती कुरतडतात, म्हणून तिथं मांजर लागतंच. पण यंदा एकाच गोदामात सात झाली. मग एका हमालमामांनी ही बुट्टीत घातली आणि आमच्या आत्याच्या दारात आणून ठेवली. "घ्या की ओ, लई गरीब हाय."

गरीब वगैरे काही नाही. बुट्टीचं झाकण उघडल्याबरोबर ती पाटावरून देवघरात, देवघरातून फडताळावर. आत्यानं नाव ठेवलं हळदी.

दाराच्या अलीकडं दोन हातांवर सोनी बसलीय. शेपटीचं टोक तेवढं हलतंय. मागं लोखंडी कपाटाखाली दोन हिरवे दिवे दिसतात, तो बंड्या. दोघं आठ वर्षांची, दोघांची नसबंदी झालेली, आणि या घराचा सातबारा आपल्याच नावावर आहे अशी दोघांचीही ठाम समजूत.

(दृश्य : सोनी दाराच्या कडेचा वास घेते. तोंड अर्धवट उघडं, वरचा ओठ किंचित वर.)

हे तोंड बघून लोक म्हणतात, मांजर चिडलं. चिडलेलं नाही, वाचतंय. वरच्या पुढच्या दातांच्या मागं, टाळूत, दोन बारीक छिद्रं असतात. तिथून वास एका वेगळ्या इंद्रियापर्यंत पोचतो. नाक आहेच, हे त्याच्या जोडीला. आपण पाहुण्याला आधी चेहऱ्यानं ओळखतो, मांजराला चेहरा फार उशिरा लागतो. गाल, हनुवटी, कपाळ, पंजाच्या गाद्या, शेपटीचं मूळ, या सगळ्या ठिकाणी गंध सोडणाऱ्या ग्रंथी असतात. तुमच्या पायाला मांजर गाल घासतं तेव्हा त्यात लाडही असेल, पण शिक्का मारणंही असतं. दाराची चौकट, खुर्चीचा पाय, आत्याची काठी, सगळं शिक्क्यांनी भरलेलं. 

हे मला पुस्तकातून कळलं असतं तर विसरलो असतो. पुरानं शिकवलं.

(दृश्य : भिंतीवरची पुराची खूण. त्यावर बोट ठेवलेला आत्याचा हात.)

ऑगस्ट 2019. आयर्विन पुलाशी 45 फूट ही कृष्णेची धोक्याची पातळी. त्या वर्षी पाणी 57 फुटांच्या वर गेलं. गावभाग पाण्यात. आत्या नावेतून निघाली ती मांडीवर टोपली घेऊन, टोपलीत सोनी. बंड्या सापडलाच नाही. तो कौलांवर चढला होता, तिथून शेजारच्या गच्चीवर, आणि पाणी उतरेपर्यंत त्या बिल्डिंगमधल्या लोकांनी त्याला जे होतं ते घातलं. बिस्किटंसुद्धा. सोनी तेवढे दिवस विश्रामबागेत, पाहुण्यांच्या घरी.

मग घर धुतलं. गाळ काढला, ब्लीचिंग पावडर मारली, बादल्याच्या बादल्या फिनेल ओतलं. बंड्याला आणलं, सोनीला आणलं, आणि आम्ही सगळे हात जोडून भरतभेट बघायला उभे राहिलो.

सोनी फिसकारली. अंग दुप्पट केलं. बंड्या मागं सरकला, आणि मग त्यानंच पहिला पंजा मारला. एका ताटलीत जेवलेली, एकमेकांच्या पोटावर झोपलेली ही दोघं, आणि जणू जन्माचं वैर. डोळ्यांना दोघं तीच होती. पण बंड्याला दुसऱ्याच गच्चीचा वास, सोनीला दुसऱ्याच घराचा, आणि भिंतींचे शिक्के तर कृष्णेनं पुसून नेलेले. ओळख पटवणार कुठून? पुन्हा एकत्र झोपायला दिवाळी उजाडली.

एक गोष्ट इथंच सांगतो. फिनेल मांजराच्या घरात नकोच. त्यातली फिनॉल जातीची रसायनं मोडून बाहेर टाकायची ताकद मांजराच्या यकृतात फार कमी असते. ओल्या फरशीवरून चालतं, पंजे चाटतं आणि विष पोटात जातं. आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं, नशिबानं निभावलं.

(दृश्य : बंद दार. आतून पातळ आवाजात म्याव.)

तर पुन्हा हळदीकडं. ही दाराआड का, असं शेजारपाजारच्यांनी दहादा विचारलं. "सोडा की खाली. दोन दिवस भांडतील, मग होतील गोड." हाच सल्ला सगळीकडं मिळतो, आणि कधीकधी तो खरा ठरतो, म्हणूनच तो वाईट आहे. मीही ऐकला. तिसऱ्या दिवशी, आत्या देवळात गेलेली बघून, दार उघडलं.

चार सेकंद लागले असतील. हळदी बाहेर, सोनी तिच्यावर, हळदी परत आत, दार मी लोटलं. आता हाताशी शत्रू नाही आणि अंगात राग तसाच. शेजारी बंड्या झोपेतून उठून बघत होता. सोनीनं त्यालाच धरला. मी मध्ये हात घातला. भांडणाऱ्या मांजरांत हात घालायचा नसतो, पुठ्ठा नाहीतर उशी सरकवायची असते, हे मला दवाखान्यात इंजेक्शनांच्या रांगेत उभा असताना आठवलं. सोनी-बंड्याचा अबोला दोन दिवस टिकला. आत्याचा माझ्याशी, तीन.

शिवाय वेगळं ठेवायला आणखी एक कारण होतं, आणि ते भांडणापेक्षा मोठं. गोदामातून आलेलं पिल्लू अंगावर काय घेऊन आलंय ते दिसत नाही. पिसवा दिसतात, जंत एखादवेळी दिसतात. पॅनल्युकोपेनिया दिसत नाही. मांजरांचा हा विषाणूजन्य आजार पिल्लांना दोन-चार दिवसांत नेतो. उलट्या, जुलाब, मान टाकणं. लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत आठ-दहा दिवस जाऊ शकतात. म्हणून निदान दोन आठवडे वेगळी खोली, वेगळी भांडी, आणि तिच्याकडून आल्यावर साबणानं हात. जनावरांच्या डॉक्टरांनी हळदीला तपासलं, जंताचं औषध दिलं, लस टोचली, पुढच्या डोसची तारीख कार्डावर लिहिली. सोनी-बंड्याचीही राहिलेली लस त्याच दिवशी उरकली. दूध देऊ नका म्हणाले. आत्याला हे काही पटलं नाही, पण पोट बिघडल्यावर पटलं.

(दृश्य : जुन्या सुती लुगड्याचा तुकडा. त्यावर फिकट पिवळा डाग.)

हा तुकडा या फिल्मचा नायक. आत्याच्या जुन्या लुगड्याचा. ते दोन आठवडे सरल्यावर आधी हळदीच्या अंथरुणात तीन रात्री. मग तिच्या गालांवरून अलगद फिरवून बाहेर आणला आणि सोनीच्या ताटलीपासून दूर, खांबापाशी ठेवला. सोनीनं वास घेतला, फिसकारली, निघून गेली. फडक्यावर फिसकारणं! आत्या हसली. "फडक्याला शिव्या देती बघ." पण हेच हवं होतं. फडकं उलट पंजा मारत नाही. पाचव्या दिवशी सोनी त्याच्याजवळ सुकट खात होती. आठव्या दिवशी बंड्या त्यावर झोपला. बंड्याचं काय, तो कशावरही झोपतो.

उलट दिशेलाही तेच. बंड्याचं फडकं आत. मग अदलाबदल. ही दोघं अंगणात असताना हळदीला घर हिंडू द्यायचं, आणि त्या वेळात या दोघांना तिच्या खोलीत. तोंड कुणी कुणाचं बघायचं नाही. लग्न ठरवण्याच्या जुन्या पद्धतीसारखं, असं आत्या म्हणाली. तिचं स्वतःचं तसंच ठरलं होतं.

मग जेवण. दाराच्या दोन्ही बाजूंना ताटल्या, आधी लांब, रोज वीतभर जवळ. मांजर जेवता जेवता थांबलं, कान आडवे झाले, तर ताटली वीतभर मागं. यात शरम नाही. आम्ही तीनदा मागं गेलो. शेवटी सुताराकडून दाराला जाळीची चौकट करून घेतली, आणि पाचव्या आठवड्यात तिघांनी एकमेकांना जेवताना पाहिलं. फिसकारणं झालं, पण जेवण सुटलं नाही.

(दृश्य : परसात जाणारा बोळ. ओळीनं नव्हे, वेगवेगळ्या कोपऱ्यांत मांजरांच्या शी-शूचे चार ट्रे.)

तीन मांजरांना चार ट्रे. मांजरं जितकी, त्यावर एक. आणि एका रांगेत नाहीत, कारण रांगेत ठेवले की एकच मांजर दारात बसून सगळे अडवतं. सोनीनं ते केलं होतं. पाण्याची भांडी वेगळी, बसायला उंच जागा वेगळ्या. जुन्या घराचा हा फायदा. कोनाडे, फडताळ, माळा, जिन्याखालची जागा. फ्लॅटमध्ये ही सोय करावी लागते.

सहाव्या आठवड्यात जाळी उघडली. आत्या काठीला दोरी बांधून खेळवत होती, मी पुठ्ठा घेऊन उभा. पुठ्ठा लागला नाही. हळदी दोरीमागं पळाली, बंड्या बघत बसला, सोनी फडताळावर चढली आणि आमच्याकडं पाठ करून बसली.

आज अजूनही ती तशीच बसते. सोनी आणि हळदी एका अंथरुणात झोपत नाहीत, झोपतील असं मला वाटतही नाही. जिन्यात गाठ पडली तर एक थांबते, दुसरी जाते. बंड्या मात्र हळदीचे कान चाटतो.

(दृश्य : जुलै. बाहेर पाऊस. मोबाईलवर आयर्विन पुलाच्या पाणीपातळीचा मेसेज.)

पाणी 30 फुटांवर गेलं की आत्या माळ्यावरून टोपल्या काढते. पूर्वी दोन होत्या, यंदा तीन. दोरखंड बघते, झाकणं बघते. मग खांबापाशी जाते, ते पिवळ्या डागाचं फडकं उचलते. सगळ्यांनी झोपून, घासून, मळवून ठेवलेलं. धुवायचं नाही असं तिनं कामवालीला बजावलंय. दातांनी कड तोडते आणि लुगड्याचे टराटर तीन तुकडे करते.

एकेका टोपलीत एकेक.