समास नसलेली वही

[सदाशिव पेठ. वाचनालयाचं काउंटर. उघडी नोंदवही, पानावरून फिरणारं बोट.]

सभासद क्रमांक, नाव, पत्ता, दूरध्वनी, अनामत. शाईने आखलेले पाच रकाने. आणि त्यांच्या बाहेर, समासात, पेन्सिलीने: ‘मुलाचा मोबाईल’, ‘पुस्तक हरवलं, पैसे भरले’.

आता ही वही डेटाबेसमध्ये, म्हणजे संगणकातल्या नोंदींच्या साठ्यात जातेय, आणि डेटाबेसच्या टेबलला समास नसतो. जे लिहायचं, त्याला आधी रकाना हवा.

माहिती टेबलांत मांडावी, ती डिस्कवर कुठे, कशी ठेवली आहे याची काळजी वापरणाऱ्याला नसावी, हा विचार आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी १९७० साली मांडला. पुढे १९७४ मध्ये त्याच कंपनीतल्या डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी त्यासाठी भाषा मांडली. तिलाच आज आपण एसक्यूएल म्हणतो. त्या भाषेत रकाने आखायची आज्ञा आहे ‘क्रिएट टेबल’.

[लॅपटॉपसमोर एक तरुणी. शेजारी ग्रंथपाल बाई.]

अडलं ते दूरध्वनीपाशी. नंबर म्हणजे आकडे, म्हणून तिने रकान्याचा प्रकार ‘इंटिजर’, म्हणजे पूर्णांक, दिला. पुण्याचा एसटीडी कोड ०२०, पण पूर्णांकात डावीकडचं शून्य टिकत नाही. नंबर ‘२०’ने सुरू व्हायला लागले. बाईंनी एवढंच विचारलं, “अगं, फोन नंबरांची कधी बेरीज करतो का आपण?”

हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. ज्याची बेरीज करायची नाही, तो मजकूर. फोन आणि पिनकोड मजकुराच्या रकान्यात गेले. वहीच्या जुन्या पानांवर तर कोड ०२१२ आहे, म्हणजे लांबीही आवळून बांधता येत नाही. अनामत मात्र खरोखर पैसे आहेत. तिथे पैशापैशाचा हिशेब जुळवणारा ‘डेसिमल’ हवा. ‘फ्लोट’ या आकड्यांच्या दुसऱ्या प्रकारात दशांश जवळपासचे साठवले जातात.

सभासद क्रमांक झाला प्रायमरी की, म्हणजे प्रत्येक नोंदीची एकमेव ओळख. एकच क्रमांक दोघांना देऊ गेलं, तर डेटाबेस नोंदच घेत नाही.

‘पुस्तक हरवलं’ या शेऱ्याला रकाना पुरत नाही, कारण एकच सभासद वर्षभरात कितीतरी पुस्तकं नेतो. त्यासाठी वेगळं टेबल: देवघेव. सभासद क्रमांक, पुस्तकाचा दाखल क्रमांक, नेल्याची तारीख, परतीची तारीख, शेरा. इथल्या सभासद क्रमांकावर फॉरिन की आहे, म्हणजे तो क्रमांक सभासदांच्या टेबलात असायलाच हवा. त्यामुळे यादीत नसलेल्या माणसाच्या नावावर पुस्तक चढत नाही, आणि देवघेवीत नोंद असलेला सभासद सहज पुसला जात नाही.

[संध्याकाळ. पुस्तकं बदलायला आलेली माणसं.]

मग मोबाईल. टेबल तयार झालेलं, जुन्या नोंदी भरलेल्या, आणि आता नवा रकाना हवा. आज्ञा ‘ऑल्टर टेबल’. तिने उत्साहात सोबत ‘नॉट नल’ लावलं, म्हणजे रकाना रिकामा चालणार नाही. पोस्टग्रेसने, म्हणजे ती वापरत असलेल्या डेटाबेस प्रणालीने, साफ नकार दिला. बरोबरच आहे, जुन्या सभासदांचे मोबाईल त्याने आणायचे कुठून?

वाट अशी: रकाना आधी रिकामा चालेल असा जोडायचा. मग समासातले नंबर एकेक करून भरायचे, उरलेल्यांना विचारायचं. शेवटचा नंबर भरला की मग सक्ती. मधल्या पायरीला माणसांचे दिवस जातात, आणि घाईत तिथेच ‘००००००००००’ भरलं जातं. तसं करू नका. खोट्या नंबरापेक्षा रिकामी जागा खरी.

आणखी एक काळजी. टेबल बदलताना डेटाबेस त्याला कुलूप लावतो, म्हणजे बदल संपेपर्यंत बाकीच्या कामांना थांबावं लागतं. पोस्टग्रेसच्या जुन्या आवृत्त्यांत, ठरावीक मूल्य देऊन रकाना जोडला की अख्खं टेबल नव्याने लिहिलं जाई. २०१८ च्या अकराव्या आवृत्तीपासून ते टळलं. या वाचनालयाला फरक पडत नाही. कोट्यवधी नोंदींच्या बँकेला पडतो. शिवाय पोस्टग्रेसमध्ये असा बदल ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे पक्का होण्याआधीच्या कच्च्या टप्प्यात करून, पटला नाही तर मागे घेता येतो. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेस प्रणालीत ‘ऑल्टर टेबल’ लगेच कायम होतं, म्हणून तिथे आधी बॅकअप.

[पुन्हा वही. शेवटचं पान.]

एक शेरा उरला: ‘आजींसाठी मोठ्या टाइपातली पुस्तकं काढून ठेवणे.’ एका सभासदासाठी रकाना कशाला, असं तरुणी म्हणाली. बाई म्हणाल्या, “त्या दर शनिवारी येतात.”

ऑल्टर टेबल. नवा रकाना: शेरा. प्रकार: मजकूर. रिकामा चालेल.

बाईंनी खुर्ची पुढे ओढली आणि ते वाक्य स्वतः टाइप केलं.