वास मागून येतो

मित्रहो, जुन्या उघड्या, म्हणजे छत काढता येणाऱ्या गाड्यांच्या मालकांकडून एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं : "जुनी गाडी म्हटली की थोडा वास यायचाच." माझा या वाक्याला ठाम विरोध आहे. एमजीबी घ्या, ट्रायम्फ स्पिटफायर घ्या, फियाटची १२४ स्पायडर घ्या. कारखान्यातून निघताना या गाड्यांच्या प्रत्येक भोकात रबर होतं आणि प्रत्येक जोडाला पॅकिंग होतं. आज वास येतोय, म्हणजे त्यातलं काहीतरी झिजलंय, सैल झालंय, किंवा कुणीतरी दुरुस्तीसाठी काढलं आणि परत बसवलंच नाही. ते नेमकं काय, हे शोधता येतं.

सुरुवात नाकापासून करू. कच्च्या पेट्रोलचा वास वेगळा आणि जळलेल्या धुराचा वेगळा. दोन्हींचा उगम वेगळा, रस्ता वेगळा. रॉकर कव्हरमधून, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणातून, गळलेलं ऑइल गरम मॅनिफोल्डवर, म्हणजे इंजिनातला धूर गोळा करणाऱ्या नळ्यांवर, जळतं, त्याचा वास तिसरा, आणि हीटरमधून कूलंट झिरपत असेल तर गोडसर वास येतो. पण आपलं नाक पाच-दहा मिनिटांत वासाला सरावतं आणि मग काहीच सांगत नाही. म्हणून गाडीतून उतरा, मोकळ्या हवेत थोडं फिरा, परत येऊन वास घ्या. त्याहून चांगलं म्हणजे ज्याचा या गाडीशी संबंध नाही अशा माणसाला बसवा.

आता आजच्या विषयाचा गाभा. उघड्या गाडीत वास जिथे जाणवतो, तिथून तो बहुधा आलेलाच नसतो. समोरची काच हवा कापत पुढे जाते, तेव्हा काचेच्या मागे हवेचा दाब कमी होतो. ती जागा भरायला मागची हवा वळून पुढे येते. छत उघडं ठेवून वेगात जाताना मानेवरचे केस तोंडावर येतात ना, ते याचमुळे. त्या हवेबरोबर सायलेन्सरच्या तोंडातून निघालेला धूरही पुढे येतो. कापडी छत लावून बाजूची काच अर्धी खाली केली, तर परिस्थिती आणखी बिघडते. आतला दाब घटतो, आणि गाडी डिकीतून, टेललॅम्पच्या कडेतून, तळाच्या भोकांतून हवा ओढायला लागते. वास येतो म्हणून माणूस काच उघडतो, आणि काच उघडली म्हणून वास वाढतो.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर लोकरीचे वीतभर लांबीचे तुकडे घ्या आणि चिकटपट्टीने डिकीच्या झाकणावर, टेललॅम्पच्या भोवती, सीटच्या मागच्या कडेवर लावा. गाडी चालवा आणि शेजारून दुसऱ्या गाडीतून कुणाला तरी बघायला सांगा. झाकणाच्या मागच्या कडेचे धागे गाडीच्या मागे फडफडायला हवेत. ते उलटे वळून फटीकडे चिकटत असतील, तर हवा तिथून आत शिरतेय.

मग चिकटपट्टीचाच दुसरा उपयोग. डिकीची संपूर्ण फट बाहेरून पट्टीने बंद करा आणि नेहमीच्या रस्त्यावरून नेहमीच्या वेगाने चक्कर मारा. वास गेला? मग अर्धी पट्टी काढा आणि पुन्हा तीच चक्कर. एका वेळी एकच बदल. एकाच दिवशी डिकीचं रबर बदलायचं, सायलेन्सर बदलायचा आणि कार्ब्युरेटरही छेडायचा, म्हणजे वास गेला तरी कशाने गेला ते कळत नाही, आणि सहा महिन्यांनी तो परत आला की शोध पहिल्यापासून सुरू.

ताज्या हवेचा झरोका आणि हीटरचा पंखा हेही चांगलं साधन आहे. पंखा लावल्यावर वास कमी झाला, तर उगम मागे आहे. वाढला, तर उगम बॉनेटखाली आहे आणि हवेबरोबर तोच आत येतोय.

बॉनेटखाली संशय असेल तर थंड इंजिन सुरू करून पहिला मिनिटभर कान द्या. मॅनिफोल्डचं पॅकिंग गेलं असेल तर टिक-टिक ऐकू येते. धातू तापून फुगला की फट मिटते आणि आवाज जातो, म्हणून गरम गाडी मेकॅनिककडे नेली की त्याला काहीच सापडत नाही. इंजिन पूर्ण थंड आणि बंद असताना सायलेन्सरच्या तोंडाशी व्हॅक्युम क्लीनरची उलटी हवा सोडा आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावत जा. जिथे बुडबुडे येतील तिथे गळती. जोडाजवळ काजळीचा फराटा दिसला तर तोही तेच सांगतो. आणि सायलेन्सर नवा बसवला असेल तर त्याचं शेपूट बंपरच्या बाहेर येतंय का ते बघा. बंपरखालीच संपलेला पाइप धूर थेट डिकीच्या फटीकडे सोडतो.

धुराबाबत एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. आपल्याला येतो तो वास त्याच्या सोबत्यांचा, अर्धवट जळलेल्या इंधनाचा. रक्तातलं हिमोग्लोबिन या वायूला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरून ठेवतं. या जुन्या गाड्यांना बहुधा धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नसतो, आणि मिक्श्चर रिच असेल, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त असेल, तर हा वायू आणखी वाढतो. लांबच्या प्रवासात डोकं दुखणं, मळमळ, गुंगी, आणि उतरून मोकळ्या हवेत बरं वाटणं, ही लक्षणं असतील तर ती गाडी दुरुस्त होईपर्यंत चालवू नका.

आता पेट्रोल. इथे वास कधी येतो, हा प्रश्न कुठे येतो यापेक्षा जास्त उपयोगी आहे. टाकी भरल्यावरच येतो? मग टाकीचा वरचा भाग, फिलरची रबरी नळी, किंवा पेट्रोल दाखवणाऱ्या सेंडरचं पॅकिंग. एमजीबीची टाकी डिकीच्या तळाखाली लटकते. तळ आणि टाकी यांच्यामध्ये ओली माती साठून टाकी वरून गंजते, म्हणून अर्ध्या टाकीवर काही गळत नाही आणि पूर्ण भरली की वास सुरू होतो. स्पिटफायरची टाकी तर सीटच्या मागेच, डिकीत, त्यामुळे तिथली छोटी गळतीही लगेच नाकाशी येते. वळणावर वास येत असेल तरी याच जागा बघा.

गरम गाडी बंद केल्यावर येत असेल तर कार्ब्युरेटरकडे वळा. एसयू बनावटीच्या कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल आत सोडणारा नीडल व्हॉल्व्ह झिजला, किंवा पेट्रोलवर तरंगणाऱ्या फ्लोटमध्ये पेट्रोल शिरून तो बुडाला, की ओव्हरफ्लोच्या नळीतून पेट्रोल बाहेर येतं. गरम इंजिनाच्या धगीने थोडी वाफ निघणं मी समजू शकतो. सकाळी गॅरेजचं दार उघडल्यावर येणारा वास मात्र गळतीचाच.

होज पाइप हाताने वाकवून बघा. बाहेरून गुळगुळीत दिसणारा पाइप वाकवला की बारीक भेगांचं जाळं दिसतं. ग्रेट ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साधं पेट्रोल ई१० झालं, म्हणजे त्यात दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या रबराला ते मानवत नाही. काही पाइप तर एक थेंबही न गळता भिंतीतूनच वाफ सोडतात. बदलताना इथेनॉल सोसणारा आर९ दर्जाचा पाइप आणि नवे क्लॅम्प घ्या.

क्रमाबद्दल सांगतो. आधी पेट्रोलची गळती संपवा, मग धुराचा शोध. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, डिकीच्या तळाशी आणि दुरुस्तीच्या खड्ड्यात साचून राहते, आणि कडाक्याच्या थंडीतही पेट घेऊ शकते. डिकीत दिवा ठेवून, झाकण लावून अंधारात कुठून उजेड बाहेर येतो ते बघायची युक्ती फार छान आहे, पण ती पेट्रोलचा वास पूर्ण गेल्यावरच करायची.

दुरुस्तीनंतर नाकावर विसंबू नका. कार्बन मोनॉक्साइडचा मीटर घेऊन शेजारच्या सीटच्या पायांशी आणि तोंडाच्या उंचीवर आकडा बघा. छत उघडं असताना, छत लावून काचा बंद असताना, आणि छत लावून काच अर्धी खाली असताना. तिन्ही वेळा शून्य हवा. फक्त तिसऱ्या वेळी चढला, तर डिकीचं रबर, टेललॅम्पचं पॅकिंग आणि गिअर लिव्हरच्या बुडाशी असलेलं बूट, म्हणजे आवरण, पुन्हा तपासा. स्पिटफायर असेल तर गिअरबॉक्सवरचं कव्हरही, कारण ते सुटं असतं आणि त्याची कड दर दुरुस्तीनंतर नीट बसवली जातेच असं नाही.