पेढीवरच्या कॉम्प्युटरची राखण

(दृश्य: सांगली मार्केट यार्ड. हळदीचे सौदे चालू आहेत.)

इथं हळदीचा भाव ठरतो सौद्यात, पण शेतकऱ्याच्या हाती पडणारी हिशेबाची पट्टी निघते अडत दुकानातल्या कॉम्प्युटरवरून. कुणाची किती पोती, काय दर लागला, किती उचल घेतली, सगळं त्याच्या पोटात. एके सकाळी यातली एकही फाईल उघडली नाही तर?

१२ मे २०१७ला १५०हून अधिक देशांत हेच घडलं. ‘वॉनाक्राय’ या रॅन्समवेअरनं, म्हणजे खंडणीखोर व्हायरसनं, फायली कुलूपबंद केल्या आणि खंडणी मागितली. मनाला लागतं ते हे, की विंडोजमधलं ते भगदाड बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टनं १४ मार्चलाच दिलं होतं. जवळजवळ दोन महिने हातात होते! त्याच वर्षी जूनमध्ये ‘नॉटपेट्या’ हा व्हायरस आला, आणि आपल्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं.

(दृश्य: स्क्रीनवर ‘विंडोज सिक्युरिटी’.)

विंडोज ८पासून, म्हणजे २०१२पासून, डिफेंडर हा अँटीव्हायरस विंडोजसोबतच येतो. वेगळे पैसे नाहीत. फाईल उघडतानाच तो तपासतो. व्हायरस अनोळखी असला, तरी प्रोग्रॅमची वागणूक संशयास्पद आहे का, हे पाहतो.

मग तो बंद कोण करतं? बहुतेकदा आपणच. क्रॅक केलेलं, म्हणजे चोरीचं, सॉफ्टवेअर घालताना सूचना येते, ‘आधी अँटीव्हायरस बंद करा.’ कृपा करून तिथंच थांबा. राखणदाराला बाहेर काढून आत कुणाला घेताय, ते तुम्हाला ठाऊक नसतं.

‘कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस’ ही सोय मात्र आपणहून चालू करावी लागते. हिशेबाचा फोल्डर तिच्यात जोडला, की परवानगी नसलेला प्रोग्रॅम त्यातल्या फायली बदलू शकत नाही. आपल्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरला तेवढी परवानगी आठवणीनं द्या. रोजच्या कामाला ॲडमिनचं, म्हणजे सगळे अधिकार असलेलं, खातं वापरू नका.

विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. डिफेंडरला नव्या व्हायरसची माहिती मिळत राहिली, तरी विंडोजमधली नवी भगदाडं त्यानं बुजत नाहीत. मशीनवर विंडोज ११ चालत असेल तर त्यावर न्या. नाहीतर वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नोंदणी करा.

(दृश्य: दुकान बंद करायची वेळ.)

बॅकअप रोज घ्या, आणि कॉपी झाली की ड्राइव्ह काढून ठेवा. जोडून ठेवलेली ड्राइव्हही रॅन्समवेअर मूळ फायलींबरोबरच कुलूपबंद करतं.