तमे मूळ क्यांना?

मंडळी, परवा रिक्षात बसले. पत्ता गुजरातीत सांगितला, भाड्याची घासाघीसही गुजरातीतच केली. उतरताना रिक्षावाल्यानं विचारलं, "बेन, तमे मूळ क्यांना?" माझे पणजोबा सयाजीरावांच्या काळात कारकून म्हणून बडोद्याला आले. चार पिढ्या झाल्या, तरी मूळ शिल्लकच! बरं, पुण्याला नणंदेकडे जावं आणि "मला इथं नाही फावणार" म्हणावं, तर तिच्या सुना एकमेकींकडे बघून हसतात. फावणं म्हणजे जमणं, हे बडोद्याच्या दांडिया बाजारात तरी समजावून सांगायला नको.

तेव्हा हा प्रश्न मी आयुष्यभर ऐकत आले. मी स्वतःही तो विचारते, आणि माणसं निवडून विचारते, हे मात्र एका विद्यार्थिनीनं दाखवून दिलं. जूनमध्ये नववीचा नवा वर्ग, पहिली हजेरी. पटेल, शाह, जोशी भराभर वाचत गेले. यादव आलं आणि थांबले, "मूळ कुठला रे?" मागच्या बाकावरून आवाज आला, "टीचर, तुम्ही जोशीला नाही विचारलंत." खरंच नव्हतं विचारलं. हा जोशी मराठी की गुजराती, हेही मला माहीत नव्हतं. जाणून घ्यावंसंच वाटलं नव्हतं.

त्या दिवशी धडा बाजूला ठेवला. आपल्या घरचं कोण कुठून कसं आलं, किंवा कुठं गेलं, ते एका वाक्यात सांगा म्हटलं आणि नुसती क्रियापदं फळ्यावर लिहीत गेले. बँकेतले वडील 'बदली होऊन आले'. मामा अमेरिकेत 'सेटल झाला'. गायकवाडांनी 'राज्य स्थापन केलं', हे पुस्तकातलं. माझे पणजोबा 'नोकरीनिमित्त आले'. मग मकरपुऱ्याच्या जीआयडीसीतल्या, म्हणजे औद्योगिक वसाहतीतल्या, कामगारांचं काय, असं विचारलं. एकजण सहज म्हणाला, "ते भरलेत ना सगळीकडे." यादवचे वडील तिथंच लेथवर काम करायचे. यादव खाली मान घालून वहीत रेघा मारत होता.

पोरांना बोलण्यात अर्थ नाही, हे शब्द आपल्याच घरांतून येतात. खुद्द सयाजीरावांचंच बघा. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा हा मुलगा, बारा वर्षांचा असताना 1875 साली दत्तक म्हणून इथं आणला गेला. याच राजानं 1906 साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. बडोद्यातला सगळ्यांत नामांकित बाहेरगावचा माणूस तो, पण त्याला मूळ कोण विचारणार? आणि माझ्या पणजोबांना नोकरी मिळाली ती काय फक्त अक्षर वळणदार म्हणून? मराठी असणं हीच तेव्हा अर्धी शिफारस होती. हे घरात कुणी बोलत नाही. बोलतात ते अक्षराबद्दल.

अमेरिकेतल्या मामाचंही तसंच. हुशार होताच तो. पण 1965 साली तिथल्या कायद्यानं देशवार ठरवलेले जुने कोटे मोडले नसते, तर ती हुशारी इथंच अलकापुरीत राहिली असती. वर्गातल्या एका मुलीचा भाऊ न्यू जर्सीत शिकत होता. करभरणीच्या फॉर्मवर त्याला 'नॉनरेसिडेंट एलियन' म्हटलंय, असं तिनं सांगितलं आणि वर्ग खो खो हसला. एलियन म्हणजे हिरव्या तोंडाचा, अँटेनावाला! तिला मात्र हसू आलं नाही. "घरी आम्ही त्याला एनआरआय म्हणतो," ती म्हणाली. माणूस एकच. मला तेवढ्यावर तास संपवता आला असता. पण यादवला तर परदेशीसुद्धा म्हणता येत नव्हतं. भारतात कुठंही राहायचा हक्क त्याला घटनेच्या कलम 19 नं दिलेला, आणि तो धडा मीच शिकवायची.

2018 चा ऑक्टोबर तुम्हाला आठवत असेल. उत्तर गुजरातेत परप्रांतीयांवर हल्ले झाले आणि हजारो माणसं गाड्या भरभरून गावी गेली. यादवचा बाक आठ-दहा दिवस रिकामा होता. हजेरीपत्रकात मी 'गैरहजर' लिहिलं. दुसरा रकानाच नसतो.

तो परत आल्यावर वर्गाला कमाटीबागेत नेलं. सहल म्हणूनच. तिथल्या संकल्पभूमीपाशी, म्हणजे बाबासाहेबांच्या स्मारकापाशी, बसून त्यांची 1917 ची हकिगत सांगितली. महाराजांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियात शिकलेला माणूस नोकरीवर रुजू व्हायला येतो. मातृभाषा मराठी, राजा मराठी. तरी अस्पृश्य म्हणून गावात खोली मिळत नाही. पारशी नाव घेऊन पारशांच्या सरायेत राहावं लागतं. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात येतो: तू कोण? इथं का आलास? ओळखीचे दोघेही आसरा द्यायचं टाळतात. मग रात्री नऊच्या गाडीपर्यंतचा वेळ काढायला माणूस या बागेत येऊन बसतो.

पोरं गप्प होती. जोशीनं विचारलं, "टीचर, भाषा तर एकच होती ना?" मी हो म्हटलं. पुढं काय सांगावं, या विचारात होते.

यादवनं विचारलं, "नऊची गाडी कुठली होती?"

"मुंबईची."

"आमची पण रात्रीचीच होती," तो म्हणाला.